पाळीव सशाची वयानुसार हालचाल

पाळीव ससा हा युरोपीय रानसशाचा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) माणसाळलेला प्रकार असून त्याचे आयुर्मान साधारणतः ८ ते १२ वर्षे असते. ससे मुख्यत्वे पहाटे व सायंकाळी सक्रिय असतात आणि दुपारी विश्रांती घेतात. हालचालीचे प्रमाण मात्र वयानुसार बदलते. सुमारे ४ ते ६ महिन्यांचा ससा वयात येतो. या काळात धावणे, उड्या मारणे, उकरणे व कुरतडणे वाढते. पुढे, विशेषतः निर्बीजीकरणानंतर, वर्तन स्थिरावते.

साधारणतः ५ ते ६ वर्षांनंतर ससा मंदावू लागतो. तथापि ही मंदता केवळ वार्धक्याची समजणे धोक्याचे ठरते. निसर्गात इतर प्राण्यांचे भक्ष्य असल्याने ससा वेदना लपवतो. उंचवट्यावर उडी टाळणे, अंग चाटून स्वच्छ न ठेवणे, शेपटीखालचा भाग मळलेला राहणे ही संधिवाताची लक्षणे असू शकतात. पशुवैद्याचे उपचार, वजनावर नियंत्रण आणि पाय न घसरणारी चटई यांमुळे वृद्ध सशाची हालचाल सुकर होते. सशाने खाणे थांबवल्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.