यूरोपमधील मार्गदर्शित बस-सहली

एकाच बसमधून, एका सहल-व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली, आगाऊ ठरविलेल्या मार्गाने व ठराविक दिवसांत यूरोपातील अनेक देशांतून समूहाने केलेला प्रवास म्हणजे मार्गदर्शित बस-सहल होय. प्रवास, निवास, न्याहारी, काही भोजने, प्रमुख स्थळांचे दर्शन व व्यवस्थापकाची सोबत यांचे एकत्रित मूल्य सहल सुरू होण्यापूर्वीच भरावयाचे असते. यांपैकी ज्या सहलींत मूल्य शक्य तितके कमी राखण्यावर भर असतो, त्यांना अल्पखर्ची सहली म्हणतात. हे कमी मूल्य म्हणजे आयोजकाने दिलेली सूट नव्हे. एका बसचा खर्च अनेकांत विभागणे, शहराबाहेर मुक्काम करणे आणि दिवसाचा प्रत्येक तास उपयोगात आणणे यांतून ते साधलेले असते. प्रवासी जे पैशाच्या रूपाने वाचवितो, त्याचा काही भाग तो वेळेच्या व स्वातंत्र्याच्या रूपाने देत असतो. सहलीची छापील कार्यक्रमपत्रिका वाचताना हे सूत्र ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते [→ पर्यटन].

ऐतिहासिक आढावा : सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडमधील सधन घराण्यांतील तरुण शिक्षणाचा अखेरचा टप्पा म्हणून फ्रान्स व इटली या देशांचा दीर्घ प्रवास करीत. ‘ग्रँड टूर’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रवास कित्येक महिने, क्वचित काही वर्षेही चाले. घोडागाडी, नोकर व सोबतचा शिक्षक यांचा खर्च पाहता यूरोपदर्शन ही मूठभरांचीच मिरास होती. लोहमार्गांच्या प्रसाराने ही स्थिती पालटली. मद्यपानबंदीच्या चळवळीतील कार्यकर्ता टॉमस कुक (१८०८–९२) याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरो येथे सु. ५०० लोकांना प्रत्येकी एक शिलिंग भाड्यात आगगाडीने नेले. १८५५ मध्ये त्याने बेल्जियम, ऱ्हाईन नदीचे खोरे व पॅरिस अशी यूरोप खंडावरील पहिली सहल काढली आणि १८६३ मध्ये स्वित्झर्लंडची सहल स्वतः बरोबर राहून घडविली. पुढे आगाऊ पैसे भरून घ्यावयाची हॉटेलांची कुपनेही त्याने प्रचारात आणली. समूहाला मिळणारा घाऊक दर, आगाऊ भरणा आणि बरोबर राहणारा जाणकार माणूस ही आजच्या बस-सहलीची तीनही अंगे त्याच्या योजनेत दिसून येतात.

पहिल्या महायुद्धानंतर मोटार बसचा वापर वाढला. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लूगानो येथे आंतोन्यो मांतेगाझा याने सुरू केलेल्या व्यवसायातून ‘ग्लोबस’ ही सहल-कंपनी विकसित झाली. अल्पखर्ची प्रवाशांसाठी ‘कॉस्मॉस’ ही तिची शाखा १९६१ मध्ये निघाली. १८ ते ३५ या वयोगटातील तरुणांसाठी यूरोपच्या बस-सहली काढणारी ‘कॉन्टिकी’ ही संस्थाही त्याच दशकाच्या प्रारंभीची होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम यूरोपात पगारी रजेचा लाभ सामान्य कामगारापर्यंत पोहोचला व द्रुतगती मार्गांचे जाळे विस्तारले. मिलान ते नेपल्स हा ‘आउटोस्त्रादा देल सोले’ १९६४ मध्ये पूर्ण झाला. आल्प्सच्या उंच खिंडी हिवाळ्यात बर्फामुळे बंद राहत, परंतु फ्रान्स व इटली यांना जोडणारा माँ ब्लाँ बोगदा (११·६ किमी.) १९६५ मध्ये आणि स्वित्झर्लंडमधील सेंट गॉटहार्डचा रस्ता-बोगदा (१६·९ किमी.) १९८० मध्ये खुला झाल्यावर उत्तर यूरोपातून इटलीत वर्षभर बस नेणे सुकर झाले. शेंगेन करारावर १९८५ मध्ये स्वाक्षऱ्या होऊन १९९५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १ जानेवारी २००२ पासून यूरोच्या नोटा व नाणी व्यवहारात आली. तत्पूर्वी प्रत्येक सरहद्दीवर पारपत्रांची तपासणी व चलनाची अदलाबदल यांत जाणारा वेळ यामुळे वाचला आणि तो कार्यक्रमात आणखी एखादे शहर समाविष्ट करण्यासाठी उपयोगात येऊ लागला.

मूल्याचा हिशेब : सहलीच्या खर्चाचे दोन भाग पडतात. बसचे भाडे, इंधन, पथकर, वाहनतळाचे शुल्क, चालक व व्यवस्थापक यांचे वेतन आणि निवास हा स्थिर खर्च असून प्रवासी २४ असोत वा ४८, तो जवळजवळ तेवढाच राहतो. हॉटेलची खोली, न्याहारी व प्रवेशशुल्क हा खर्च मात्र माणशी वाढत जातो. प्रवासी २४ ऐवजी ४८ झाल्यास स्थिर खर्चाचा दरडोई वाटा निम्म्यावर येतो. त्यामुळेच अल्पखर्ची सहलीची बस सहसा भरलेली असते. उलट महागड्या सहलीत काही आसने मुद्दाम रिकामी ठेवून ऐसपैस जागा दिलेली आढळते. खोलीचे भाडे दोघांत विभागले जाईल असे गृहीत धरून मूल्य ठरविलेले असल्याने स्वतंत्र खोली घेणाऱ्यास वेगळा अधिभार द्यावा लागतो.

माणशी खर्च कमी करण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे हॉटेलचे स्थान होय. शहराच्या मध्यभागापासून दूर, बाह्य वळणरस्त्यालगतच्या हॉटेलात भाडे कमी असते व बस उभी करण्यास जागाही मिळते. परंतु संध्याकाळी स्वतःहून शहरात फिरावयास जाणे तेथून अवघड होते. ही अडचण ‘ऐच्छिक सहली’ या प्रकाराला पोषक ठरते. पॅरिसमधील सेन नदीतील नौकाविहार, व्हेनिसची गोंडोला फेरी, एखाद्या रात्रीचा मनोरंजनाचा कार्यक्रम इत्यादींसाठी वेगळे पैसे आकारले जातात. जाहिरातीतील मूल्य कमी दिसण्याचे ते एक कारण असून अशा फेऱ्या व ठरलेल्या दुकानांतील खरेदी यांतून मिळणारे अडत हा काही आयोजकांच्या उत्पन्नाचा भाग असतो. म्हणून दोन सहलींची तुलना करताना ऐच्छिक फेऱ्या, न दिलेली भोजने, बक्षिसी, विमा व प्रवेशपरवान्याचे शुल्क ही सर्व मिळवूनच एकूण बेरीज पाहावी लागते.

चालकाचा वेळ व सुरक्षितता : मूल्य कमी करण्याच्या ओघात चालकाच्या विश्रांतीवर गदा येऊ नये, यासाठी यूरोपीय संघाने २००६ च्या विनियमान्वये काही मर्यादा घालून दिल्या आहेत. दिवसाचे वाहनचालन ९ तासांपेक्षा अधिक असता कामा नये. आठवड्यातून दोनदा ते १० तासांपर्यंत चालते. आठवड्याची कमाल मर्यादा ५६ तास व लागोपाठच्या दोन आठवड्यांची ९० तास आहे. साडेचार तास वाहन चालविल्यावर एकूण ४५ मिनिटांची विश्रांती आवश्यक असते. दररोज सलग ११ तासांची विश्रांती मिळावयास हवी. दोन साप्ताहिक सुट्यांच्या दरम्यान तीन वेळा ती ९ तासांपर्यंत कमी करता येते. साप्ताहिक सुटी काही अटींवर बारा दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सहलींना असून २०२४ मध्ये ती देशांतर्गत सहलींनाही देण्यात आली. बसमधील ‘टॅकोग्राफ’ हे उपकरण वाहनाचा वेग व चालकाचे तास नोंदविते आणि पोलीस ती नोंद कोठेही तपासू शकतात. वेगनियंत्रक यंत्रणेमुळे बसचा वेग ताशी १०० किमी. पेक्षा अधिक होऊ शकत नाही.

सहलीच्या दिनक्रमातील अनेक गोष्टींचा उलगडा या नियमांवरून होतो. उदा., पॅरिस ते ल्यूसर्न हे अंतर सु. ६०० किमी. आहे. ताशी सरासरी ८० किमी. वेग धरला तरी साडेसात तासांचे वाहनचालन व त्यात विश्रांती आणि भोजन यांची भर पडते. म्हणजे सकाळी आठला निघालेली बस सायंकाळी पाच-सहाच्या आत पोहोचत नाही. रात्री दहापर्यंत रोषणाई दाखविणाऱ्या चालकाला पूर्ण विश्रांती द्यावयाची, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपूर्वी तो निघू शकत नाही. वाटेतील थांबा लांबला, बस उशिरा सुटली किंवा ऐनवेळी एखादे स्थळ वगळले गेले, तर त्यामागे बहुधा हा हिशेब असतो. ‘आणखी एक तास चला’ असा आग्रह चालकाला धरणे म्हणजे बसमधील सर्वांच्या जिवाशी खेळणे होय.

ग्राहकाचे संरक्षण : १९९० च्या निदेशाची जागा घेणारा २०१५ चा एकत्रित सहलींविषयीचा यूरोपीय निदेश १ जुलै २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार करारानंतर मूल्य ८ टक्क्यांपेक्षा अधिक वाढल्यास प्रवाशाला शुल्क न देता करार रद्द करता येतो आणि कोणतीही वाढ प्रस्थानापूर्वी किमान २० दिवस आधी कळवावी लागते. पुरेसे प्रवासी न जमल्यास आयोजक सहल रद्द करू शकतो. मात्र सहा दिवसांहून मोठ्या सहलीबाबत त्याने ते २० दिवस आधी कळविले पाहिजे. आयोजकाचे दिवाळे निघाल्यास पैसे परत मिळावेत व प्रवाशांना मायदेशी आणता यावे, यासाठी त्याने हमीची तरतूद करणे बंधनकारक आहे. या तरतुदीचे महत्त्व २३ सप्टेंबर २०१९ रोजी दिसून आले. त्या दिवशी टॉमस कुकच्या नावाने चालणारी ब्रिटिश कंपनी बंद पडली आणि परदेशी असलेल्या सु. दीड लाख ग्राहकांना परत आणण्याची व्यवस्था शासनाला करावी लागली. भारतात भारतीय आयोजकाशी केलेल्या कराराबाबतच्या तक्रारी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहक आयोगाकडे नेता येतात.

भारतीय व मराठी प्रवासी : परकीय चलनावरील कडक नियंत्रणांमुळे १९९१ पूर्वी भारतातील मध्यमवर्गाला यूरोपची सहल दुर्लभ होती. उदारीकरणानंतर नियंत्रणे शिथिल झाली. रिझर्व्ह बँकेच्या २००४ च्या योजनेनुसार व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये ही मर्यादा २,५०,००० डॉलर करण्यात आली. महाराष्ट्रात केसरी टूर्स (१९८४) व वीणा वर्ल्ड (२०१३) यांसारख्या संस्थांनी मराठी बोलणारा व्यवस्थापक, भारतीय भोजन व बहुतेक प्रवेशशुल्कांसह एकरकमी मूल्य अशी पद्धत रूढ केली. परभाषेची धास्ती व शाकाहाराची चिंता यांमुळे एकट्याने न जाणारे निवृत्त शिक्षक, बँक-कर्मचारी, गृहिणी असे अनेक जण या सहलींमुळे प्रथमच परदेशी गेले. शाळांच्या सुटीमुळे मे महिन्यात या सहलींना विशेष मागणी असते. हिंदी चित्रपटांतील दृश्यांमुळे स्वित्झर्लंडचे आकर्षण वाढले. चित्रपट-दिग्दर्शक यश चोप्रा यांचा पुतळा २०१६ मध्ये इंटरलाकेन येथे उभारण्यात आला. शेंगेन प्रवेशपरवान्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते आणि त्यासाठी किमान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. ब्रिटन व आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नसल्याने तेथील परवाना वेगळा काढावा लागतो.

टीका व निर्बंध : थोड्या दिवसांत पुष्कळ देश पाहण्याच्या घाईवर प्रारंभापासून टीका होत आली आहे. ‘इफ इट्स ट्यूजडे, धिस मस्ट बी बेल्जियम’ (१९६९) या अमेरिकन चित्रपटात अशाच अठरा दिवसांच्या बस-सहलीची थट्टा आढळते. दुसरा आक्षेप स्थानिक रहिवाशांचा आहे. काही तासांसाठी येणारे समूह रस्ते भरून टाकतात, परंतु तेथे मुक्काम करीत नसल्याने शहराला त्यांच्यापासून फारसे उत्पन्न होत नाही. ॲम्स्टरडॅमने १ जानेवारी २०२४ पासून ७·५ टनांहून जड सहल-बसना मध्यवर्ती भागात बंदी केली. व्हेनिसने त्याच वर्षी ठराविक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास प्रारंभ केला, मार्गदर्शित गटाची कमाल संख्या २५ ठरविली व ध्वनिवर्धकांना मनाई केली. ज्या सहलीचा हिशेबच भरलेल्या बसवर आधारलेला आहे, तिला असा निर्बंध जाचक ठरतो; कारण एका बसमधील प्रवाशांचे दोन गट करून दोन स्थानिक मार्गदर्शक नेमावे लागतात आणि तो खर्च मूल्यात उतरतो.

मूल्यमापन : एखादे शहर वा कलासंग्रहालय सखोल पाहू इच्छिणाऱ्यास बस-सहल अपुरी पडते. लूव्ह्रसाठी दोन तास किंवा फ्लॉरेन्ससाठी एक दुपार हे दर्शन नसून केवळ ओळख होय. तथापि मर्यादित साधनांच्या, वयस्कर किंवा प्रथमच बाहेर पडणाऱ्या माणसाला अशी ओळखही अन्यथा झाली नसती. आल्प्स ओलांडताना बदलत जाणारी घरांची छपरे, शेती, भाषा व पाट्या सलग पाहावयास मिळणे हा रस्त्याने केलेल्या प्रवासाचा लाभ विमानप्रवासात नाही. देशांची संख्या कमी व एका ठिकाणचे मुक्काम अधिक असलेली सहल निवडल्यास त्याच मूल्यात अधिक पाहून होते. कारण बस चालत असते, त्या वेळी प्रवासी बहुतांशी खिडकीतूनच यूरोप पाहत असतो.