कलम २८ आणि दुधाची रांग

अल्बानियाच्या १९७६ च्या राज्यघटनेतलं २८वं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पुन्हा वाचावंसं वाटलं. परकी कंपन्यांना देशात थारा द्यायचा नाही, त्यांच्याबरोबर भागीदारी करायची नाही, आणि भांडवलशाही किंवा ‘सुधारणावादी’ देशांकडून कर्ज घ्यायचं नाही. ‘सुधारणावादी’ म्हणजे मार्क्सची वाट सोडली असा आरोप असलेले कम्युनिस्ट देश. सरकारनं अशा देशाकडून कर्ज काढलं, तर तो घटनाभंग.

१९४४ ते १९८५ अशी चार दशकं या देशावर एन्व्हर होजाची हुकूमत होती. ‘चाळीस वर्षं जगापासून तुटलेला देश’ असं त्या काळाचं वर्णन सर्रास केलं जातं. ते मला अपुरं वाटतं. त्यातली पहिली चौतीस वर्षं अल्बानिया कुणा ना कुणाच्या मदतीवर उभा होता. निखळ एकाकीपण आलं ते १९७८ नंतर, आणि ते होजाच्या पश्चातही चालू राहून जेमतेम बारा वर्षं टिकलं.

पहिला आधार शेजारच्या युगोस्लाव्हियाचा. १९४६ मध्ये दोन्ही देशांनी जकात आणि चलन जोडून घेतलं. अल्बानिया आता युगोस्लाव्हियाचं सातवं प्रजासत्ताक होणार, अशी चिन्हं दिसू लागली. जून १९४८ मध्ये स्टालिननं युगोस्लाव नेता टिटोला वाळीत टाकलं आणि होजानं काही दिवसांत युगोस्लाव सल्लागारांना देशाबाहेर काढलं. टिटोकडे झुकलेला होजाचा प्रतिस्पर्धी कोची झोझे याला पुढच्या वर्षी देहदंड देण्यात आला.

मग सोव्हिएत मदत सुरू झाली. स्टालिननंतर आलेल्या ख्रुश्चेव्हनं स्टालिनवर टीका केली, टिटोशी जमवून घेतलं, तिथे होजाचं बिनसलं. नोव्हेंबर १९६० मध्ये मॉस्कोच्या परिषदेत त्यानं ख्रुश्चेव्हला तोंडावर सुनावलं. ही हिंमत छोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. पण त्याच वर्षी अल्बानियात दुष्काळ होता आणि गव्हासाठी हात मॉस्कोपुढेच पसरलेला होता. मॉस्कोनं गव्हाच्या बाबतीत हात आखडता घेतला. तेव्हा चीननं परकी चलन मोजून कॅनडाचा गहू विकत घेतला आणि अल्बानियाकडे वळवला. त्या दिवसांत चीनमध्ये माओच्या ‘मोठ्या झेपे’नंतरच्या भुकेनं कोट्यवधी माणसं मरत होती. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हा गहू. हेनान-आन्हुईच्या शेतकऱ्याच्या तोंडच्या घासाचा पैसा राजधानी तिरानाच्या भाकरीत गेला, आणि दोन्हीकडच्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

डिसेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघानं राजनैतिक संबंध तोडले. पुढची सतरा वर्षं चीनची. बेराटची कापडगिरणी, एल्बासानचा पोलाद कारखाना, द्रिन नदीवरचं फिएर्झाचं धरण चिनी पैशातून आणि यंत्रांतून उभं राहिलं. अल्बानियानंही परतफेड केली. १९७१ मध्ये कम्युनिस्ट चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळवून देणाऱ्या ठरावात तोच पुढे होता. पण लगेच १९७२ मध्ये माओनं बीजिंगमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचं स्वागत केलं. होजाला हा विश्वासघात वाटला. कुरबुरी वाढत गेल्या आणि जुलै १९७८ मध्ये चीननं मदत थांबवली, तंत्रज्ञ परत बोलावले.

या काळात काहीच घडलं नाही असं नाही. दलदली कोरड्या झाल्या, हिवताप हटला, १९७० मध्ये शेवटच्या खेड्यापर्यंत वीज पोचली, बहुसंख्य निरक्षर असलेला समाज वाचू-लिहू लागला. हे ज्यांनी घाम गाळून केलं त्यांचं श्रेय हिरावता येणार नाही. त्यात स्पाचच्या खाणीत तांबं आणि पायराइट खणणाऱ्या राजकीय कैद्यांचाही घाम आहे.

१९७८ नंतर कलम २८ अक्षरशः लागू झालं. व्यापार बंद पडला नव्हता. क्रोमच्या उत्पादनात अल्बानिया दक्षिण आफ्रिका आणि सोव्हिएत संघाच्या खालोखाल होता. क्रोम, वीज, डांबर, तंबाखू विकायचं आणि तेवढ्याच किमतीचा माल आणायचा, असा हिशेब. उधारी नाही. त्यामुळे चिनी यंत्राचा एक भाग मोडला की तो बदलण्यासाठी आधी क्रोम विकलं जायला हवं. ब्रिटनशी तर बोलणंच नव्हतं. १९४६ मध्ये कॉर्फूच्या सामुद्रधुनीत सुरुंगांनी ४४ ब्रिटिश नौसैनिक मेले, हेगच्या न्यायालयानं ८,४३,९४७ पौंड भरपाई ठरवली, होजानं ती दिली नाही. बदल्यात अल्बानियाचं सुमारे दीड टन सोनं लंडनला अडकलं, ते १९९६ पर्यंत.

याच वर्षांत आक्रमणाच्या भीतीनं काँक्रीट आणि पोलाद खंदकांत ओतलं जात होतं. शेतात, किनाऱ्यावर, स्मशानाशेजारी घुमटाकार बंकर बांधले गेले, एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास. आक्रमण कधी झालंच नाही. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सहकारी शेतीतल्या कुटुंबांकडे उरलेली घरची जनावरंही सामुदायिक कळपात घेतली गेली. माझ्या मते या राजवटीची सर्वांत क्रूर आर्थिक चूक हीच. परक्याचं कर्ज नको म्हणणाऱ्या सरकारनं शेतकऱ्याची स्वतःची गायही त्याच्याकडे ठेवली नाही. दुधासाठी पहाटेच्या अंधारात रांगा लागू लागल्या, आणि त्या रांगांत खेड्यातली माणसंही होती.

या बंद दाराची झळ आपल्या देशाच्या एका नागरिकालाही लागली. मदर तेरेसांची आई आणि बहीण तिरानात होत्या. दोघी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वारल्या, तरी भेट होऊ शकली नाही. मदर तेरेसांना तिरानात पाऊल ठेवता आलं ते १९८९ मध्ये.

जुलै १९९० मध्ये हजारो लोक भिंतींवरून उड्या मारून परकी वकिलातींत शिरले. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिरानातल्या चौकातला होजाचा पुतळा पडला. आणि ऑगस्टमध्ये क्यूबाहून साखर घेऊन आलेलं ‘व्लोरा’ हे जहाज दुर्रेसच्या धक्क्याला लागलं. १९६० मध्ये इटलीत बांधलेलं, चीन-अल्बानियाच्या संयुक्त कंपनीनं विकत घेतलेलं. माल उतरत असतानाच माणसं दोरांवरून वर चढू लागली. सुमारे वीस हजार जण डेकवर, डोलकाठ्यांवर, क्रेनवर लटकून निघाले आणि ८ ऑगस्टला इटलीतल्या बारी बंदरात पोचले. तिथे त्यांना फुटबॉलच्या मैदानात कोंडलं गेलं, आणि बहुतेकांना काही दिवसांत परत धाडण्यात आलं. त्या शरद ऋतूत इटलीचं सैन्य अल्बानियात धान्य वाटायला उतरलं.