चाच्यांची पंगत

राजेरजवाड्यांच्या भोजनप्रसंगी गवई गात असत, विदूषक हसवीत असत, नट आपले खेळ करून दाखवीत असत. अन्नाबरोबर करमणूक असावी, ही माणसाची हौस जुनीच आहे. विसाव्या शतकात या हौसेला अमेरिकेत एक नवे रूप आले. तिकीट काढून सामान्य कुटुंबाने एका सभागृहात जावे, तेथे ताट समोर यावे, त्याच वेळी पुढ्यात नाटक उभे राहावे, आणि त्या नाटकात जेवणाऱ्यांनाही एक भूमिका असावी, असा हा प्रकार आहे. त्याला भोजननाट्य म्हणता येईल. त्यातील चाच्यांचे भोजननाट्य मुलांना विशेष प्रिय आहे. आईबापांसमोर मात्र ते एक प्रश्नही ठेवते. दर्यावर लूटमार करणारी, माणसे ओलीस ठेवणारी टोळी ही आनंदाच्या मेजवानीचा विषय कशी झाली?

या प्रकाराचा इतिहास फार दूरचा नाही. व्हर्जिनिया राज्यातील हॅनोव्हर येथे १९५३ साली एका जुन्या खाणावळीच्या वास्तूत बार्क्सडेल नाट्यगृह सुरू झाले, आणि तेथे नाटकाला जोडून भोजन देण्याची प्रथा पडली. अमेरिकेतील भोजननाट्याचा आरंभ पुष्कळदा तेथून धरला जातो. पुढे १९७४ मध्ये फ्लॉरिडातील डिस्नेच्या मनोरंजननगरीत गाणी, विनोद आणि जेवण यांचा एक कार्यक्रम सुरू झाला व तो अनेक दशके चालला. तथापि प्रेक्षकाला खेळात ओढून घेण्याची कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती १९८३ मध्ये. त्या वर्षी स्पेनच्या मायोर्का बेटावरून आलेला मध्ययुगीन सरदारांच्या द्वंद्वाचा खेळ फ्लॉरिडातील किसिमी गावी सुरू झाला. तेथे प्रेक्षकांचे रंगांनुसार गट पाडले जातात, प्रत्येक गटाचा एक सरदार असतो, आणि काळाचा आभास टिकावा म्हणून काटेचमचे न देता हातानेच जेवावयास लावतात. अमेरिकन मुलांना या शेवटच्या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. महाराष्ट्रातून नातवंडांकडे गेलेल्या आजीला मात्र त्यात नवल वाटण्याजोगे काहीच सापडत नाही.

सरदारांच्या पाठोपाठ चाचे आले. कॅलिफोर्नियात ब्युएना पार्क येथे त्यांचे एक मोठे भोजननाट्य उभे राहिले. दक्षिण कॅरोलिना राज्यात मर्टल बीच नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे सुप्रसिद्ध गायिका डॉली पार्टन यांच्या संस्थेने २०११ मध्ये असाच खेळ सुरू केला, आणि २०१९ मध्ये टेनेसी राज्यातील पिजन फोर्ज येथेही त्याची शाखा निघाली. मर्टल बीचचा खेळ हा या प्रकाराचा चांगला नमुना होय.

सभागृहात शिरताच दिसते ते पाणी. बंदिस्त छपराखाली सुमारे पंधरा फूट खोलीचे एक तळे केलेले आहे, आणि त्यात डोलकाठ्या व दोरखंड असलेली जहाजे उभी आहेत. सभोवती चढत जाणाऱ्या पायऱ्यांवर लांबलचक मेजे मांडलेली असतात. अर्ध्या प्रेक्षकांना किरमिजी रंगाचे खलाशी ठरवितात, उरलेल्या अर्ध्यांना निळ्या रंगाचे. कप्तान ब्लॅकबिअर्ड, म्हणजे काळ्या दाढीचा, मोठ्याने गर्जना करीत येतो. मग दोन्ही टोळ्यांची चढाओढ लागते. तलवारी खणखणतात, नट उंच डोलकाठीवरून पाण्यात उड्या घेतात, कसरतपटू दोरांवर झोके घेतात, तोफा धडाडतात. आणि हे सर्व चालू असताना सूप, कोंबडी, भाजलेले मांस, मक्याचे कणीस, बटाटा आणि शेवटी गोड पदार्थ अशी वाढप होत राहते. शाकाहारी कुटुंबांनी आपली गरज तिकीट काढतानाच कळविली, तर अशा ठिकाणी वेगळ्या ताटाची सोय बहुधा केली जाते.

या खेळाचे मर्म तलवारबाजीत नाही, ते रंगांच्या वाटणीत आहे. एरवीच्या नाटकात प्रेक्षक अंधारात गप्प बसतो. बोलला तर शेजारी डोळे वटारतात. येथे गप्प बसणे हाच अपराध. आपल्या रंगाचा खलाशी जिंकला की ओरडावयाचे, हरला की हळहळावयाचे, विरुद्ध बाजूची थट्टा करावयाची. दाराशीच ओळखीपाळखी नसलेली शेकडो माणसे दोन पक्षांत विभागली जातात, आणि घटकाभरातच प्रत्येकाला आपला पक्ष जन्माचा असल्यासारखे वाटू लागते. पक्षाभिमान किती अल्पशा आधारावर उभा राहू शकतो, याचा हा एक गमतीदार धडाच आहे. मोठी माणसे तो मनाशी नोंदवून ठेवू शकतील.

कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. चित्रपटगृहात घरची माणसे शेजारी बसूनही एकेकटीच असतात. उपाहारगृहात गेले तर मुले कंटाळतात आणि मोठ्यांचे संभाषण तुटते. भोजननाट्यात आजोबा, वडील आणि सहा वर्षांची नात अशा तिघांना एकच काम नेमून दिलेले असते, आणि त्या कामात वयाचा काही लाभ नसतो. नात आजोबांपेक्षा मोठ्याने ओरडू शकते, हा तिचा विजय. इंग्रजी उच्चार भरभर कानी पडले की गोंधळून जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही येथे अडचण पडत नाही. कोण पडले आणि कोण जिंकले हे समजावयास भाषेची गरज नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत आजीआजोबा काही महिन्यांसाठी येतात आणि नातवंडांशी नेमके काय बोलावे हे त्यांना पुष्कळदा सुचत नाही. तेथे एका संध्याकाळचे हे सामायिक ओरडणेही थोडे उपयोगी पडते. अगदी लहान मुले मात्र तोफांच्या आवाजाने दचकतात. त्यांना आधी सांगून ठेवणे आणि पाण्यापासून दूरची जागा मागून घेणे हे शहाणपणाचे.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळावयाचे. रंगमंचावर दिसणारा चाचा कोठून आला? तो समुद्रातून आलेला नाही. तो पुस्तकांतून आणि नाटकांतून आला आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. एक पाय गमावलेला खलाशी, खांद्यावरचा पोपट, फुलीची खूण असलेला खजिन्याचा नकाशा ही सारी सामग्री तिने लोकांच्या मनात कायमची बसविली. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या नाटकाने १९०४ मध्ये हाताच्या जागी आकडा असलेला कप्तान दिला. हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने डोक्याला रुमाल आणि कमरेला रंगीत शेला बांधलेला चाचा रंगविला, आणि पुढच्या वेषभूषाकारांनी तोच उचलला. चाचे ज्या घोगऱ्या, लांबविलेल्या उच्चारांत बोलतात ते उच्चारही नटाची देणगी आहेत. १९५० च्या ‘ट्रेझर आयलंड’ चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या इंग्रज नटाने आपल्या नैर्ऋत्य इंग्लंडच्या बोलीला रंग चढवून ते रूढ केले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये चाच्यांची नौकासफर सुरू झाली, आणि २००३ मध्ये तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाने हे रूप जगभर नेले. कैद्याला फळीवरून चालवीत समुद्रात ढकलण्याची जी शिक्षा मुलांना ठाऊक असते, तिला त्या काळच्या चाच्यांच्या बाबतीत जवळजवळ काहीच पुरावा नाही.

आणि खरा ब्लॅकबिअर्ड? तो मर्टल बीचपासून फार दूरचा नव्हे. त्याच किनाऱ्याने दक्षिणेकडे सुमारे दीडशे किलोमीटर गेले की चार्ल्सटन हे बंदर लागते. १७१८ च्या मे महिन्यात एडवर्ड टीच उर्फ ब्लॅकबिअर्ड याने आपली जहाजे या बंदराच्या तोंडाशी आणून उभी केली आणि येणारीजाणारी गलबते अडविली. लंडनला निघालेल्या एका जहाजावर सॅम्युएल रॅग नावाचे वसाहतीच्या सल्लागार मंडळाचे सभासद होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा सुमारे चार वर्षांचा मुलगा विल्यम होता. सर्व उतारूंना ओलीस धरून जहाजाच्या तळखोलीत कोंडण्यात आले. चाच्यांची मागणी सोन्याची नव्हती. ती औषधांच्या एका पेटीची होती. पेटी आली नाही तर ओलिसांची मुंडकी गव्हर्नराकडे पाठवू, असा निरोप गावात गेला. काही दिवस अनिश्चिततेत गेले. अखेर पेटी आली, आणि अंगावरच्या मौल्यवान वस्तू व कपडे उतरवून घेऊन ओलिसांना किनाऱ्यावर सोडण्यात आले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी उत्तर कॅरोलिनातील ओक्राकोक बेटाजवळ आरमारी अधिकारी रॉबर्ट मेनार्ड याच्या माणसांशी झालेल्या झुंजीत ब्लॅकबिअर्ड मारला गेला आणि त्याचे शिर जहाजाच्या नाळेवर टांगण्यात आले. त्याचे मुख्य जहाज मूळचे गुलामांची वाहतूक करणारे फ्रेंच जहाज होते. त्याचा बुडालेला सांगाडा १९९६ मध्ये उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ सापडला.

याचा अर्थ सारे चाचे केवळ राक्षस होते असाही नव्हे. त्या काळी व्यापारी जहाजांवर खलाशांना फटके बसत, मजुरी बुडत असे. उलट बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरील लेखी नियमांत प्रत्येकास मताचा अधिकार होता, पैसे लावून जुगार खेळण्यास बंदी होती, रात्री आठला दिवे मालवावयाचे होते, आणि लढाईत अवयव गमावणाऱ्यास सामायिक निधीतून भरपाई ठरलेली होती. आपसात न्याय पाळणारी ही माणसे परक्यांच्या बाबतीत निर्दय होती. मुलांना समजावून सांगावयाचा खरा विरोधाभास तो हाच.

या कथेचा एक धागा भारताच्या किनाऱ्यालाही येऊन लागतो. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटले. त्यावरील यात्रेकरूंचे अतोनात हाल झाले, आणि बादशहाच्या कोपाने इंग्रजांच्या वखारी संकटात सापडल्या. दुसरीकडे मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे आपला परवाना न घेणारी जहाजे पकडीत. कोणत्याही सागरी सत्तेने असेच केले असते. पोर्तुगीज तर पूर्वीपासून हेच करीत होते. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत कान्होजींना चाचा म्हटले गेले. ब्लॅकबिअर्ड मारला गेला त्याच १७१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या इंग्रजांनी कान्होजींच्या खांदेरी किल्ल्यावर हल्ला केला आणि त्यांना हात हलवीत परतावे लागले. चाचा हा शब्द कधी खऱ्या लुटारूला लागतो, तर कधी केवळ शत्रूला. तो शब्द कोण वापरीत आहे हे विचारावयाची सवय मराठी घरातील मुलाला लागली, तर ती इतिहासाच्या अनेक पानांवर उपयोगी पडेल.

मग अशा खेळाला मुलांना न्यावे की नाही? न्यावयास हरकत दिसत नाही. भयंकर गोष्टींना काळाच्या अंतरावरून खेळाचे रूप देणे, हे मानवी मनाचे जुने औषध आहे. राक्षसांची सोंगे घेऊन नाचणारे लोक राक्षसांचे भक्त नसतात. मूल मेजावर मूठ आपटून ओरडते तेव्हा त्याला लुटारू व्हावयाचे नसते. त्याला घरच्या माणसांच्या बरोबरीने एका बाजूला उभे राहावयाचे असते. अपाय होतो तो खेळाने नव्हे, खेळ हाच इतिहास समजल्याने. तो टाळण्यासाठी आनंदावर विरजण घालून जेवणाच्या मेजावर व्याख्यान द्यावयास नको. परतीच्या वाटेवर मूल हटकून विचारते, ‘हे खरेच असे होते का?’ तेव्हा नुसते ‘हो’ किंवा नुसते ‘नाही’ म्हणू नये. त्याच किनाऱ्यावर, त्याच नावाच्या कप्तानाच्या जहाजात, काळोख्या तळखोलीत आपल्या बापाजवळ बसलेल्या चार वर्षांच्या विल्यम रॅगची गोष्ट त्याला सांगावी. तो मुलगा सुखरूप घरी गेला, मोठा झाला, आणि चार्ल्सटनच्या सार्वजनिक जीवनात त्याने नाव मिळविले. गोष्ट ऐकणारे मूल बहुधा पुढचा प्रश्न विचारील तो त्या मुलाविषयीच असेल, कप्तानाविषयी नव्हे.