खडा फुटला, पुढे काय?

मूत्रपिंडातील मोठा खडा काढण्यासाठी पूर्वी बहुतेक वेळा कूस उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. फेब्रुवारी १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे डॉ. ख्रिश्चन शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाचा मूतखडा शरीराबाहेरून सोडलेल्या आघात-तरंगांनी फोडला. त्यांचे यंत्र डोर्निए या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे होते. अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळल्यास काय घडते, या अभ्यासातून ही वाट सापडली. या उपचाराला लिथोट्रिप्सी म्हणतात.

तरंग नेमका खड्यावरच कसा पोचतो? दोन टाचण्या व दोऱ्याचा फास घेऊन आपण वर्गात लंबवर्तुळ काढतो. टाचण्यांच्या जागा म्हणजे त्याच्या दोन नाभी. एका नाभीतून निघालेला तरंग कडेवर कोठेही आदळला, तरी परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीकडेच जातो. म्युनिकच्या यंत्रात लंबवर्तुळी धातूच्या वाटीत, पाण्याखाली, एका नाभीशी विजेची ठिणगी पाडत. क्ष-किरणांनी खड्याची जागा पाहून रुग्णाला पाण्याच्या टाकीत असे ठेवत, की खडा बरोबर दुसऱ्या नाभीवर यावा.

मग वाटेतील कातडी व स्नायू का फाटत नाहीत? एक तर तेथे तरंग विखुरलेला असतो. शिवाय मऊ ऊतींतून ध्वनी जवळजवळ पाण्यातल्यासारखाच जातो, त्यामुळे तो फारसा अडत नाही. खडा हे मात्र निराळे माध्यम. त्याच्या मागच्या बाजूवरून तरंग परतताना आत ताण निर्माण होतो, आणि दगड दाब सोसतो तितका ताण सोसत नाही. भोवतीच्या द्रवात क्षणभर उठून कोसळणारे बुडबुडेही त्याला कुरतडतात. हवेचा थर मात्र तरंगाला अडवतो. म्हणून टाकी गेली, तरी नव्या यंत्रांत पाण्याची उशी व जेल लागतेच.

तर मग कितीही मोठ्या खड्यावर हाच उपाय का करीत नाहीत? येथे गणित आडवे येते. १ सेंमी व्यासाच्या गोल खड्यापेक्षा २ सेंमी व्यासाच्या खड्याचे घनफळ ८ पट, तर ३ सेंमीचे २७ पट असते. तरंग खडा फोडतात, बाहेर काढत नाहीत. सगळा चुरा लघवीवाटेच जायचा, आणि मूत्रवाहिनी तर अवघी काही मिलिमीटर रुंद! तेथे तुकड्यांची रांग अडकली की मूत्र तुंबते. म्हणून २ सेंमीहून मोठ्या खड्यासाठी सामान्यतः पाठीतून लहान छिद्र पाडून, दुर्बिणीतून पाहत, खडा फोडून बाहेर काढणे पसंत करतात. तरंगच वापरायचे असतील, तर पुष्कळदा मूत्रवाहिनीत आधी बारीक नळी ठेवतात.

गरोदर स्त्रिया व रक्त न गोठण्याचा विकार असलेले रुग्ण यांना हा उपचार देत नाहीत. इतरांनाही उपचारानंतर थोडे दिवस लघवी लालसर होऊ शकते. पण थंडी वाजून ताप आला, कळ थांबेना किंवा लघवी होईना, तर तुकडे पडण्याची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तुंबलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाला, तर मूत्रपिंडच नव्हे, जीवही धोक्यात येतो. घनफळाचे हे गणित मुलांकडून करून घेताना एवढी गोष्टही आपण त्यांना अवश्य सांगावी.