लिलावात उरलेल्या नावांविषयी

आयपीएलचा लिलाव झाला की संभाजीनगरात, आमखास मैदानापासून गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापर्यंत, एकच वाक्य कानावर येतं: "अनसोल्ड गेला ना, मग संपलाच तो." असं म्हणणाऱ्यांत नेटमागे उभे राहणारे पालक असतात, जुने खेळाडू असतात आणि काही प्रशिक्षकही असतात, याचं जास्त वाईट वाटतं. ऐकणारा बहुधा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असतो. खांद्यावर किट घेऊन तो हे खरं मानूनच घरी जातो. पुढच्या महिन्यात घरात स्पर्धा परीक्षेच्या क्लासची चौकशी सुरू होते. म्हणून या समजाचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी आकडे बघा. 24 आणि 25 नोव्हेंबर 2024 ला जेद्दाहमध्ये मोठा लिलाव झाला. नावं नोंदवली होती 1574 खेळाडूंनी. छाननी होऊन अंतिम यादीत पावणेसहाशेच्या आसपास उरले. दहा संघांकडे मिळून जागा होत्या 204, त्यातल्या 70 परदेशी खेळाडूंसाठी. विकले गेले 182. नोंदणी केलेले बाकीचे 1392 जण त्या दोन दिवसांत खेळाडू म्हणून संपले, असं कुणाला खरोखरच वाटतं का?

आता लिलाव चालतो कसा ते पाहा. सुरुवातीची 116 नावं गटागटाने पुकारली गेली. त्यानंतर वेगवान फेरी. या फेरीत उरलेल्या यादीतून आपल्याला कोण हवेत, ती नावं संघच देतात आणि तेवढीच पुकारली जातात. कुणीच मागितलं नाही, तर तुमचं नाव सभागृहात उच्चारलंही जात नाही. शिवाय प्रत्येक संघाची थैली तेव्हा 120 कोटींची, त्यातून आधी कायम ठेवलेल्या खेळाडूंचे पैसे वजा झालेले. एकट्या ऋषभ पंतवर 27 कोटी गेले. नवख्या, 30 लाख पायाभूत किमतीच्या सलामीवीराची पाळी येईपर्यंत संघांकडे सलामीवीर असतात, पैसे संपत आलेले असतात आणि लक्ष एखाद्या उरलेल्या वेगवान गोलंदाजाकडे असतं. त्या तासाला संघाला काय कमी पडत होतं, एवढंच लिलाव सांगतो. मुलाला खेळता येतं की नाही, हे तो सांगत नाही.

विरारचा आयुष म्हात्रे याच लिलावात उरला. त्याआधी महिनाभरच त्याने रणजीत मुंबईकडून आपल्या महाराष्ट्राविरुद्ध 176 धावा काढल्या होत्या. तरीही उरला. मग त्याने काय केलं? खेळत राहिला. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध 181 ठोकल्या. एप्रिल 2025 मध्ये ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने बाहेर पडला आणि चेन्नईने चाचणी घेऊन त्याच्या जागी आयुषला 30 लाखांत करारबद्ध केलं. 20 एप्रिलला वानखेडेवर, मुंबईविरुद्ध, सतरा वर्षांच्या या मुलाने पहिल्याच सामन्यात 15 चेंडूंत 32 धावा केल्या. 3 मे रोजी बंगळुरूत 48 चेंडूंत 94. जून उजाडला तेव्हा तो इंग्लंड दौऱ्यावर जाणाऱ्या भारताच्या 19 वर्षांखालील संघाचा कर्णधार होता. नोव्हेंबर ते एप्रिल या पाच महिन्यांत त्याची बॅट बदलली नव्हती, चेन्नईची गरज बदलली होती.

हे फक्त पोरासोरांचं झालं, अनुभवी खेळाडूला कुणी विचारत नाही, असंही लगेच ऐकवलं जातं. तेही खोटं. पालघरचा शार्दूल ठाकूर, कसोटी खेळलेला, 2 कोटी पायाभूत किमतीचा, जेद्दाहला कुणी घेतला नाही. जानेवारी 2025 मध्ये तो रणजीत उतरला, जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक काढलं, मेघालयविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली. मार्चमध्ये मोहसिन खान जखमी झाला आणि लखनऊने शार्दूलला त्याच्या जागी 2 कोटींनाच घेतलं. काही दिवसांतच, 27 मार्चला, हैदराबादमध्ये त्याने 34 धावांत 4 बळी घेतले. त्या वर्षी तो इंग्लंडमध्ये पुन्हा कसोटी खेळला.

बदली खेळाडू हा हंगामापुरता पाहुणा असतो, हा याच समजाचा धाकटा भाऊ. इंदूरचा रजत पाटीदार 2022 च्या लिलावात उरला होता. बंगळुरूने जखमी खेळाडूच्या जागी त्याला 20 लाखांत बोलावलं. त्याच मोसमात ईडन गार्डन्सवर लखनऊविरुद्धच्या बाद फेरीत त्याने नाबाद 112 काढल्या. 2024 अखेरीस बंगळुरूने त्याला 11 कोटींना कायम ठेवलं आणि 3 जून 2025 ला संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं ते त्याच्याच नेतृत्वाखाली.

यात मेहेरबानी कुणाची नाही, हे नियमातच आहे. लिलावात उरलेल्या नोंदणीकृत खेळाडूंची यादी ठेवली जाते. कुणी जखमी झालं तर त्या यादीतून बदली घेता येतो. त्याला त्याच्या पायाभूत किमतीपेक्षा कमी देता येत नाही आणि ज्याच्या जागी तो येतो त्याच्या मानधनापेक्षा जास्तही देता येत नाही. बाहेर गेलेला त्या हंगामात परत येऊ शकत नाही.

मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन "फोन येईलच" असं मुलांना सांगणंही मला मान्य नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना फोन येत नाही. काहींसाठी तो लिलाव खरंच शेवटचा ठरतो. प्रो कबड्डीत चढाईच्या गुणांचे विक्रम करणारा परदीप नरवाल 2025 च्या लिलावात उरला आणि जूनच्या सुरुवातीलाच त्याने निवृत्ती जाहीर केली. आयुष आणि शार्दूल यांच्यात सामायिक गोष्ट एकच: लिलाव ते दुखापत या मधल्या काळात ते स्पर्धात्मक क्रिकेट खेळत होते आणि धावा, बळी लोकांच्या डोळ्यांसमोर होते. घरी बसलेल्याला बदली म्हणून कुणी शोधत येत नाही.

कबड्डीचा विषय निघालाच आहे तर, लिलावाशिवाय संघात शिरताच येत नाही हा समजही चुकीचा. प्रो कबड्डीत 'नवे युवा खेळाडू' असा वेगळा गट आहे, त्यातली मुलं संघ थेट घेतात. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये आठव्या हंगामात असाच आला. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं, तेव्हा कर्णधार अस्लम होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर हा रोजचाच व्यवहार आहे. सात फेऱ्यांचा ड्राफ्ट संपतो न संपतो तोच संघ न निवडलेल्या मुलांना फोन लावायला लागतात. कर्ट वॉर्नर 1994 मध्ये कुणी निवडला नाही, काही काळ त्याने किराणा दुकानात माल लावला. जानेवारी 2000 मध्ये सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

राहिलेले समज थोडक्यात. बोलीचा आकडा सगळ्या करारासाठी असतो असं मानतात; तो एका हंगामाचा असतो आणि त्यावर करही कापला जातो. पहिल्या फेरीत उरला म्हणजे नाव निकालात निघालं, असंही नाही: अजिंक्य रहाणे जेद्दाहला आधी उरला, नंतरच्या फेरीत कोलकात्याने दीड कोटीला घेतला आणि कर्णधार केला. आयपीएलने नाकारलेला भारतीय खेळाडू परदेशी लीगमध्ये जाऊ शकतो हेही चूक. निवृत्ती घेतल्याशिवाय बीसीसीआय पुरुष खेळाडूंना परवानगी देत नाही. आणि शहराच्या नावाचा संघ म्हणजे शहरातल्या मुलांना जागा, हा आपल्याकडचा खास समज. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात छत्रपती संभाजी किंग्ज उतरला. त्याचा आयकॉन खेळाडू होता तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. पैठणला जन्मलेला, रणजीत महाराष्ट्रासाठी हजारो धावा काढलेला अंकित बावणे खेळला कोल्हापूर टस्कर्सकडून. लिलावात जो बोली लावेल त्याचा खेळाडू, गाव कुठलंही असो.

शेवटचा समज सगळ्यात महाग पडतो: उरलेल्या किंवा नवख्या मुलाला कुणीतरी पैसे घेऊन 'आत' घालू शकतो. पालकांनो, लिलावाच्या नोंदणीची वाट राज्य संघटनेतून जाते. आपल्या मराठवाड्यातल्या मुलासाठी ती जिल्हा संघटनेची निवड चाचणी, निमंत्रितांच्या स्पर्धा आणि मग महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा वयोगटाचा संघ अशी आहे. बदली खेळाडूसाठी चाचणी घ्यायची असेल तर संघ स्वतः बोलावतो आणि त्यासाठी राज्य संघटनेची परवानगी मागतो. कुणी ट्रायलच्या नावाने पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, पोलिसांत जा.