उंच इमारतींतील आग आणि जिन्याचे दार

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची असून, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन तिचे प्रमाणपत्र, म्हणजेच ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते.

मात्र कागदाइतकेच लक्ष जिन्याकडे हवे. आगीत अनेकांचा बळी ज्वाळांपेक्षा धूरच घेतो. म्हणून आपोआप मिटणारे अग्निरोधक दार जिन्याला बसवलेले असते, आणि हवा खेळावी म्हणून ते कुंडी लावून उघडे ठेवले, की सुटकेचा तो मार्गच धुराडे बनतो.

आश्रय क्षेत्रात, म्हणजे सुटका होईपर्यंत रहिवाशांनी थांबावे यासाठी मोकळ्या राखलेल्या जागेत, अडगळ साठवणे हा तर अक्षम्य निष्काळजीपणा होय.