सुपरचार्जरयुक्त मोटारगाडी : दोषशोधन व समायोजन

सुपरचार्जर म्हणजे मोटारगाडीच्या एंजिनात वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाने हवा भरणारा व एंजिनाच्याच शक्तीवर चालणारा संपीडक होय. तो बसविलेल्या गाडीतील दोष हुडकणे आणि हवेचा दाब, इंधनपुरवठा व ठिणगीची वेळ यांचा परस्परांशी मेळ घालणे, या कामांचे विवरण येथे केले आहे. ही कामे हौशी मालक घरच्या गॅरेजातही करतात. मात्र साध्या एंजिनात जी चूक थोडीशी शक्ती घटवून थांबते, तीच येथे काही सेकंदांत दट्ट्या वितळवू शकते. म्हणून एंजिन पूर्ण निर्दोष आहे अशी खात्री झाल्याखेरीज दाब वाढवावयाचा नाही, हे या कामाचे मूलतत्त्व समजतात. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

इतिहास : अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये दोन घूर्णकांच्या वातप्रेरकाचे एकस्व घेतले. या वातप्रेरकाचा मूळ उपयोग औद्योगिक होता. त्याच तत्त्वावरील सुपरचार्जर बसविलेल्या गाड्या मर्सिडीझ कंपनीने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. १९२३ मध्ये फियाट ८०५ या गाडीने माँत्सा येथील इटालियन ग्रां प्री शर्यत जिंकली. सुपरचार्जरयुक्त गाडीने मिळविलेला या दर्जाचा हा पहिला विजय होय. १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूप या गाडीत ईटन कंपनीचा सुपरचार्जर आला. त्यानंतर जनरल मोटर्सच्या ३·८ लिटर व्ही-६ एंजिनाच्या गाड्या आणि पहिल्या पिढीची मिनी कूपर एस यांमुळे हे यंत्र सर्वसामान्य मालकाच्या आवाक्यात आले.

कार्य : रूट्स प्रकारचा सुपरचार्जर दर फेऱ्यास हवेचे ठराविक घनफळ पुढे ढकलतो. ईटन एम ९० या प्रतिमानात ते ९० घन इंच म्हणजे सु. १·५ लिटर असते. एंजिन जेवढी हवा ओढू शकते त्याहून अधिक हवा आल्यामुळे अंतर्ग्रहण नळीत दाब निर्माण होतो. त्यामुळे दाबमापक हा शक्ती दाखवीत नसून एंजिनाला गिळता न आलेली हवा दाखवितो. निष्कास नळी मोकळी केल्यावर दाब उतरतो, पण शक्ती वाढते. उलट उत्प्रेरकी परिवर्तक तुंबल्यास दाब वाढतो आणि शक्ती घटते. दोषशोधनात या गोष्टीचा वारंवार उपयोग होतो.

दाबाबरोबर हवेचे तापमानही वाढते. ३०° से. तापमानाची हवा वातावरणाहून ०·५५ बार अधिक दाबापर्यंत संपीडित केली व संपीडकाची कार्यक्षमता ६०% धरली, तर तिचे तापमान सु. ९७° से. होते. त्यामुळे दाब ५५ टक्क्यांनी वाढला, तरी हवेची घनता सु. २७ टक्केच वाढते. राहिलेला लाभ मिळविण्यासाठी संपीडक व एंजिन यांच्यामध्ये शीतक म्हणजेच इंटरकूलर बसवितात. तप्त व दाट हवेमुळे सिलिंडरातील मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोहोचण्याआधीच पेट घेण्याचा संभव असतो. यालाच एंजिनाचे ठोके म्हणतात. ते टाळण्यासाठी जनरल मोटर्सने आपल्या दुसऱ्या मालिकेतील ३·८ लिटर एंजिनाचे संपीडन गुणोत्तर साध्या रूपातील ९·४ : १ वरून सुपरचार्जरयुक्त रूपात ८·५ : १ पर्यंत उतरविले होते.

दोषशोधन : प्रथम एंजिनाचे सर्वसाधारण आरोग्य तपासतात. प्रत्येक सिलिंडरातील संपीडन दाब मोजून ते जवळजवळ सारखे आहेत हे पाहतात. एखादा कमी आढळल्यास सिलिंडरात बाहेरून दाबाखालील हवा सोडून ती कोठून निसटते ते ऐकतात. तेल घालण्याच्या तोंडातून आवाज आल्यास दट्ट्याची कडी, निष्कास नळीतून आल्यास निष्कास झडप आणि शीतक पाण्यात बुडबुडे आल्यास सिलिंडर शीर्षाचे गॅस्केट सदोष असते. संगणक-नियंत्रित गाडीत साठविलेले दोषसंकेत वाचतात; तथापि संकेत लक्षण सांगतो, कारण सांगत नाही.

दाब कमी पडत असल्यास तो केव्हा कमी पडतो हे महत्त्वाचे असते. कमी वेगात दाब योग्य असून वेग वाढताच तो घसरत असेल, तर पट्टा कप्पीवरून सरकत असण्याचा संभव असतो. कप्पीभोवती काळी भुकटी व चकाकी आलेला पट्टा ही त्याची खूण होय. सर्वच वेगांत दाब कमी असल्यास उपमार्ग झडप पाहतात. हलक्या भारावर ही झडप उघडी राहून हवा संपीडकाभोवती फिरू देते आणि प्रवेगक दाबताच मिटते. तिचा पडदा फाटल्यास वा दांडा अडकल्यास दाब तयार होत नाही. नळ्यांची गळती धूर सोडून शोधतात. उंचीमुळे पडणारा फरक मात्र दोष नव्हे. समुद्रसपाटीला ०·५५ बार दाब देणारी गाडी सु. १,६०० मी. उंचीवरील डेन्व्हर शहरी सु. ०·४५ बारच देते, कारण अशा संपीडकाचे दाब-गुणोत्तर जवळजवळ कायम राहते, मूळ हवा मात्र विरळ असते.

एंजिन निष्क्रिय चालत असताना सुपरचार्जरच्या पुढील भागातून येणारा खडखडाट बहुधा झिजलेल्या जोडणीचा असतो. ती स्वस्तात बदलता येते. वेगाबरोबर चढत जाणारी कर्कश शीळ धारवे झिजल्याचे किंवा त्यातील स्वतंत्र तेल कमी झाल्याचे सुचविते. आवाजाचे स्थान निश्चित करण्यासाठी पट्टा काढून घूर्णक हाताने फिरवून पाहतात. पट्टा काढून एंजिन थोडा वेळ चालविण्याची युक्ती सर्वत्र लागू पडत नाही. पहिल्या पिढीच्या मिनी कूपर एसमध्ये पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागील टोकावरून फिरतो, त्यामुळे पट्ट्याविना शीतकरणच थांबते.

भाराखाली मिश्रण विरळ होणे हा सर्वांत घातक दोष होय. इंजेक्टरच्या टोकाशी हवेचा दाब वाढला की इंधनाचा दाबही तितकाच वाढावा लागतो. नियंत्रकाला अंतर्ग्रहण नळीचा दाब पोहोचविणाऱ्या व्यवस्थेत मूळ दाब ३ बार असेल, तर ०·५५ बार अधिक दाबाच्या वेळी तो सु. ३·५५ बार दिसावयास हवा. तो चढत नसल्यास इंधन गाळणी, पंप, पंपाची विजेची जोडणी व नियंत्रकाची रबरी नळी या क्रमाने तपासणी करतात. साधा ऑक्सिजन संवेदक हवा व इंधन यांच्या १४·७ : १ या गुणोत्तराच्या आसपासच विश्वसनीय असतो. पूर्ण भारावर पेट्रोल एंजिनासाठी सु. ११·५ ते १२·५ : १ इतके समृद्ध मिश्रण ठेवतात आणि ते मोजण्यासाठी विस्तृत पल्ल्याचा संवेदक लागतो.

ठोके पुष्कळदा कानांना ऐकू येत नाहीत. त्यांचा संवेदक ठिणगी मागे घेतो आणि चालकाला केवळ गाडी मंदावल्यासारखी वाटते. म्हणून ठिणगी किती अंशांनी मागे गेली याची नोंद पाहणे आवश्यक असते. स्पार्क प्लगच्या चिनी मातीवर चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण आढळल्यास दट्ट्याची हानी सुरू झालेली असते; गाडी तेथेच थांबविणे इष्ट होय. कमी ऑक्टेन अंकाचे पेट्रोल, तप्त हवा, विरळ मिश्रण, साठलेला कार्बन, आत ओढले गेलेले वंगण तेल किंवा बंद पडलेला शीतकाचा पाण्याचा पंप ही त्याची नेहमीची कारणे होत.

समायोजन : मूळ अवस्थेतील दाब, मिश्रण, हवेचे तापमान व ठिणगीची वेळ यांची नोंद करून मगच बदलांस आरंभ करतात. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजमाप घेणे ही सर्वांत महत्त्वाची शिस्त होय. सामान्यतः आधी उष्णता लवकर बाहेर टाकणारे म्हणजे थंड प्रकारचे स्पार्क प्लग, पुरेसा इंधनपुरवठा, मोकळा निष्कास व कार्यक्षम शीतक यांची सोय करतात आणि कप्पी शेवटी बदलतात. दाट हवेत ठिणगी पडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो. त्यामुळे भाराखाली ठिणगी चुकत असेल, तर प्लगमधील फट थोडी कमी करतात.

३·८ इंच व्यासाच्या कप्पीऐवजी ३·४ इंचांची कप्पी बसविल्यास सुपरचार्जरचा वेग सु. १२ टक्क्यांनी वाढतो. पण त्याबरोबर त्याला लागणारी शक्ती व हवेचे तापमानही वाढते. इंजेक्टर उपलब्ध काळाच्या सु. ८५ टक्क्यांहून अधिक वेळ उघडे राहू लागले, तर ते अपुरे पडत आहेत असे समजतात. ठिणगीची वेळ प्रथम मागे ठेवून एकेक अंशाने पुढे नेतात आणि शक्ती वाढणे थांबताच किंवा ठोक्याची पहिली खूण दिसताच मागे घेतात.

सुरक्षितता व कायदा : इंधन नळी सोडविण्यापूर्वी तिच्यातील दाब उतरवितात. बंद गॅरेजात एंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइडामुळे प्राणहानी होऊ शकते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे धोक्याचे असून भक्कम आधार देणे आवश्यक असते. पूर्ण भाराची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर न घेता रुळांवर चाके फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर घेणे योग्य होय. अमेरिकेत प्रदूषण-नियंत्रण साधने काढून टाकण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे कोणताही फेरबदल हाती घेण्यापूर्वी त्याची वैधताही पाहावी लागते.

पूर्ण समायोजित गाडीची पारख तिच्या सर्वाधिक दाबावरून होत नाही. उष्ण दिवशी, नेहमीच्या पेट्रोलवर व लागोपाठच्या भाराखाली मिश्रण आणि ठिणगी स्थिर राहणे हीच तिची खरी कसोटी होय. त्यासाठी शक्तीचा काही अंश सोडून देऊन राखलेले सुरक्षिततेचे अंतर एंजिनाच्या आयुष्याच्या दृष्टीने फायद्याचे ठरते.